लग्नाचा फोटो, पिवळे कार्ड आणि मूत्रपिंड

मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याखालील नियमांत एक मागणी आहे. पती-पत्नींपैकी एकाला दुसऱ्यासाठी मूत्रपिंड द्यायचे असेल, तर आपण खरोखरच पती-पत्नी आहोत हे त्यांनी सिद्ध करावे. त्यासाठी विवाहाचा दाखला हवा, लग्नातले छायाचित्र हवे, मुले किती आणि त्यांची वये काय हे हवे, आईबापांची नावे असलेले त्या मुलांचे जन्मदाखले हवेत, आणि सगळे कुटुंब एका चौकटीत दिसेल असा एक फोटोही हवा. मुंबई-पुण्याच्या घरात ही मागणी बहुधा कपाटाच्या एका कप्प्यातून पूर्ण होते. सातपुड्यात, अक्राणी तालुक्यातील एखाद्या पाड्यावर, जिथे लग्न पंचांच्या साक्षीने लागले, देज गावासमोर मोजले गेले आणि मुले घरीच जन्मली, तिथे तो कप्पाच नसतो.

जिवंत दात्याकडून होणारे मूत्रपिंड प्रत्यारोपण म्हणजे एक आजारी शरीर, एक निरोगी शरीर आणि मध्ये शल्यविशारद, असे चित्र आपल्या मनात असते. या उपचाराचा इतिहास मात्र पहिल्या दिवसापासून नात्याच्या पुराव्याचा इतिहास आहे. कोणते नाते चालेल, ते कोणी पटवून द्यायचे आणि कशाने, यावर उपचार कोणापर्यंत पोहोचणार हे ठरत गेले. तो इतिहास नंदुरबारच्या बाजूने वाचला तर काय दिसते, त्याचा हा धागा.

आरंभ बोस्टनचा. २३ डिसेंबर १९५४ रोजी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात डॉ. जोसेफ मरे यांच्या चमूने रोनाल्ड हेरिक याचे एक मूत्रपिंड काढून त्याचा जुळा भाऊ रिचर्ड याच्या शरीरात बसवले. परका अवयव शरीर नाकारते, हे तोवर अनेकदा अनुभवास आले होते. त्यावर औषध नव्हते. म्हणून दोघे एकाच गर्भपेशीतून जन्मलेले, हुबेहूब जुळे आहेत याची खात्री करून घेणे हाच शस्त्रक्रियेचा पाया होता. डॉक्टरांनी एकाची त्वचा दुसऱ्यावर लावून पाहिली. एवढ्यावर न थांबता दोघा भावांना पोलीस ठाण्यात नेऊन त्यांच्या बोटांचे ठसेही घेतले. (बातमी वृत्तपत्रांना कळली ती तिथूनच.) जगातल्या पहिल्या यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपणातही नात्याचा पुरावा शोधण्यासाठी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली, ही गोष्ट पुढच्या सत्तर वर्षांसाठी सूचक म्हणावी लागेल. रिचर्ड पुढे आठ वर्षे जगला. मरे यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न मुंबईचाच. १९६५ साली केईएम रुग्णालयात मृत व्यक्तीचे मूत्रपिंड एका रुग्णास बसवण्यात आले. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. तीनच वर्षांनी याच रुग्णालयात डॉ. प्र. कु. सेन यांनी देशातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले, आणि तोही रुग्ण वाचला नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयाने हे धाडस करावे, ही त्या काळच्या मुंबईची ओळख होती. जिवंत दात्याकडून झालेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण मात्र १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पार पडले. देशातले पहिले डायलिसिसही दहा वर्षे आधी, १९६१ मध्ये, तिथेच झाले होते.

वेल्लोरपासून भारताने जो मार्ग धरला तो आजतागायत बदललेला नाही. युरोपात मरणोत्तर दानावर व्यवस्था उभी राहिली. आपल्याकडे ती घरातल्या जिवंत माणसावर उभी राहिली. २०२३ साली देशात १३ हजारांहून अधिक मूत्रपिंड प्रत्यारोपणे झाली. त्यांतली मरणोत्तर दानातून आलेली मूत्रपिंडे दोन हजारसुद्धा नव्हती. म्हणजे या देशात मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाने 'प्रतीक्षा यादीत माझा क्रमांक कितवा?' हे विचारण्याआधी 'घरातले कोण देईल?' हेच विचारायचे असते.

ज्याच्या घरातले कोणी देणार नाही, त्याचे काय? ऐंशीच्या दशकात या प्रश्नाचे उत्तर बाजाराने दिले. सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर रक्ताचे नाते नसलेल्या दात्याचे मूत्रपिंडही टिकू लागले. जी शक्यता दयेची ठरू शकली असती ती व्यापाराची झाली. मुंबई आणि मद्रास ही दोन शहरे जगभर या कारणासाठी ओळखली जाऊ लागली. १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. संयुक्त अरब अमिराती आणि ओमानमधील सुमारे १३० रुग्णांनी १९८४ ते १९८८ या काळात मुंबईत दलालांमार्फत मूत्रपिंडे विकत घेतली होती. त्यांचा पाठपुरावा त्यात आहे. त्यांतले बरेच रुग्ण पहिल्या वर्षातच दगावले, आणि काहींना मूत्रपिंडाबरोबर एचआयव्हीची बाधाही मिळाली. ही हानी विकत घेणाऱ्यांची. विकणाऱ्यांचे काय झाले, हे त्या अभ्यासाने विचारलेच नव्हते.

ते पुढे २००२ मध्ये चेन्नईतील एका अभ्यासाने विचारले. मूत्रपिंड विकलेल्या ३०५ जणांपैकी ९६ टक्के लोकांनी कर्ज फेडण्यासाठी ते विकले होते, आणि विक्रीनंतर त्यांच्या कुटुंबांचे उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटले होते. कर्ज राहिले, एक मूत्रपिंड गेले आणि अंगमेहनतीची ताकदही गेली. आपल्याकडे २००६ साली अमरावती जिल्ह्यातील एका गावाच्या शेतकऱ्यांनी 'किडनी विक्री केंद्र' असा फलक लावून सरकारचे लक्ष वेधले होते. तो निषेधच होता, पण त्यामागचा हिशेब कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

या पार्श्वभूमीवर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आला. सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यावर संसदेला कायदा करायचा तर राज्यघटनेच्या २५२ व्या अनुच्छेदानुसार किमान दोन राज्यांच्या विधिमंडळांनी तसा ठराव करावा लागतो. असा ठराव करणारी राज्ये तीन होती: महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेश. ४ फेब्रुवारी १९९५ रोजी कायदा प्रथम याच राज्यांत लागू झाला. मूत्रपिंडांच्या बाजारासाठी बदनाम झालेले राज्यच तो बंद करण्यासाठी पुढे आले, याचे श्रेय महाराष्ट्राला दिले पाहिजे.

कायद्याने 'जवळचे नातेवाईक' कोण, हे मोजून सांगितले: पती किंवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ, बहीण. २०११ च्या दुरुस्तीने, जी १० जानेवारी २०१४ पासून अमलात आली, त्यांत आजी-आजोबा आणि नातवंडे यांची भर पडली. या यादीबाहेरच्या कोणालाही मूत्रपिंड द्यायचे असेल तर प्राधिकार समितीसमोर जाऊन, आपण आपुलकीने व जिव्हाळ्याने देत आहोत, पैशासाठी नव्हे, हे पटवावे लागते.

इथे या धाग्याचा मुख्य मुद्दा सुरू होतो. कायदा लिहिताना समोर जे चित्र होते त्यात गरीब माणूस मूत्रपिंड विकणारा होता, आणि त्याला वाचवायचे होते. ते योग्यच होते. पण गरीब माणूस मूत्रपिंडाची गरज असलेला रुग्णही असू शकतो, आणि त्याला देणारी त्याची बायको किंवा चुलतभाऊही त्याच्याइतकाच कागदहीन असू शकतो, हे चित्र त्या मसुद्यात फारसे दिसत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा हे इथले प्रमुख समाज. अक्राणी आणि अक्कलकुवा हे दोन तालुके सातपुड्याच्या आत आहेत, उत्तरेला नर्मदा. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्राची जी ३३ गावे बाधित झाली ती सर्व याच दोन तालुक्यांतली. मणिबेलीचे नाव वाचकांना आठवत असेल. त्या पाण्यावर पुढे 'तरंगता दवाखाना' चालवावा लागला, कारण बोटीखेरीज तिथे पोहोचण्याचा मार्गच नव्हता. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीत घालून खाली आणल्याच्या बातम्या अजूनही येतात. डोंगरातली कित्येक गावे दीर्घकाळ 'वनगावे' म्हणून नोंदलेली होती. महसुली गावाला जे कागद सहज मिळतात ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाले नाहीत.

आता लग्नाच्या दाखल्याकडे परत येऊ. १९५५ चा हिंदू विवाह कायदा, त्याच्या दुसऱ्या कलमातील तरतुदीनुसार, केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीने होतात आणि ते कायद्याने पूर्णपणे वैध असतात. भिल्ल आणि पावरा समाजांत वराकडून वधूच्या घरी देज दिले जाते. ते जमेपर्यंत विधी लांबणीवर पडणेही नवे नाही. राज्याच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याने गावपातळीवर नोंदणीची सोय केली आणि ग्रामसेवक निबंधक झाला. पण ज्या जोडप्याचा संसार त्याआधीच सुरू झाला होता, किंवा ज्याला नोंदणीची गरज कधी पडलीच नाही, त्याच्यासाठी मूत्रपिंड निकामी झाल्याचा दिवस हाच पहिल्यांदा दाखला मागितला जाण्याचा दिवस ठरू शकतो.

आई, मुलगा, भाऊ, बहीण यांच्या बाबतीत कागद अपुरे पडले तर तपासणीची वाट उरते. ऊतींच्या जुळणीतून किंवा डीएनए चाचणीतून रक्ताचे नाते शोधता येते. नवरा-बायकोचे नाते मात्र कोणत्याही रक्तचाचणीत सापडत नाही. त्यासाठी कागदच लागतो, आणि त्या कागदावर संशय घ्यायलाही कारण आहे. २०१६ साली मुंबईत उघडकीस आलेल्या प्रकरणात बनावट कागदपत्रांच्या आधारे एका स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून उभे करण्यात आले होते. अशा प्रत्येक प्रकरणानंतर रुग्णालये अधिक सावध होतात. ही सावधगिरी ज्याच्याकडे बनावट कागद होते त्याला जितकी जड जाते, त्याहून अधिक जड ज्याच्याकडे कागदच नाही त्याला जाते.

चुलतभावाची गोष्ट आणखी बिकट. एका अंगणात वाढलेला चुलतभाऊ पाड्यावर 'भाऊ'च असतो. कायद्याच्या यादीत तो नाही. त्याने समितीसमोर जायचे. तिथे नियमांप्रमाणे दाता आणि रुग्ण दोघांनीही आपला व्यवसाय आणि मागील तीन आर्थिक वर्षांचे उत्पन्न यांचा पुरावा द्यावा, आणि दोघांच्या स्थितीत मोठी तफावत असल्यास समितीने ती तपासावी, अशी अपेक्षा आहे. श्रीमंत रुग्णाने गरीब 'मित्र' आणला तर तो पकडला जावा, हा हेतू. पण दोघेही सारखेच गरीब असतील तर? तफावत नाही हे खरे. तरीही तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा आणायचा कुठून? नंदुरबार-धुळ्याकडची हजारो कुटुंबे दिवाळीनंतर दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोली परिसरातील साखर कारखान्यांवरच्या खानदेशी तोडकऱ्यांचा अभ्यास १९७० च्या दशकात केला, तेव्हाही हे स्थलांतर रुळलेले होते. या कामात पगाराची पावती नसते. मुकादमाकडून घेतलेली उचल आणि हंगामाअखेरचा हिशेब असतो, तोही बहुधा मुकादमाच्या वहीत.

त्यात सीमेचा गुंता. नवापूरचे रेल्वे स्थानक प्रसिद्ध आहे ते याचसाठी: १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, आणि स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात तर दुसरा गुजरातेत राहिला. फलाटावर छायाचित्रे काढणाऱ्यांना त्याची गंमत वाटते. इथल्या समाजांची सोयरीक मात्र या रेषेच्या दोन्ही बाजूंना, आणि पूर्वेला मध्य प्रदेशातल्या बडवानीपर्यंत पसरलेली आहे. जवळचा नातेवाईक नसलेला दाता दुसऱ्या राज्याचा रहिवासी असेल तर त्या राज्याकडून त्याच्या रहिवासाची पडताळणी लागते. मामेभाऊ दहा किलोमीटरवर राहतो, पण त्याची फाईल गांधीनगर किंवा भोपाळच्या दिशेने निघते.

कागद जमले असे धरू. मग रक्त तपासले जाते, आणि सातपुड्यात नेमकी तिथेच दुसरी गाठ आहे.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी केली. महाराष्ट्रात या आजाराचा माग काढण्यात डॉ. सुदाम काटे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या सर्वेक्षणांनुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत सिकलसेलचे जनुक बाळगणाऱ्यांचे प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत आढळले. यांतले बहुसंख्य 'वाहक', म्हणजे ज्यांना आईबापांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाले आहे असे. त्यांना सहसा त्रास नसतो. दोघांकडूनही ते मिळाले तर आजार. आरोग्य विभागाच्या कार्यक्रमात वाहकाला पिवळे कार्ड आणि रुग्णाला लाल कार्ड मिळते. १ जुलै २०२३ रोजी, नंदुरबार जिल्ह्याला बरोबर पंचवीस वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. योगायोगच, पण लक्षात राहण्याजोगा.

सिकलसेलचा मूत्रपिंडाशी संबंध काय? मूत्रपिंडाच्या आतल्या गाभ्यात प्राणवायू कमी, क्षार जास्त आणि आम्लताही जास्त असते. लघवी दाट करण्याचे काम तिथे चालते. लाल पेशी विळ्याच्या आकारात वाकायला नेमकी हीच परिस्थिती अनुकूल. म्हणून शरीरात इतरत्र निरुपद्रवी असलेले वाहकपणही इथे आपली खूण ठेवू शकते: लघवी पुरेशी दाट न होणे, क्वचित लघवीतून रक्त जाणे. २०१४ साली अमेरिकेत आफ्रिकन वंशाच्या हजारो लोकांच्या पाहणीत वाहकांमध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा धोका अधिक आढळला. वाहकाने मूत्रपिंड दान करावे की नाही, यावर जगातील केंद्रांत एकमत नाही. काही ठिकाणी नकार, काही ठिकाणी अधिक तपासण्या करून निर्णय. सिकलसेलचा प्रत्यक्ष रुग्ण तर दाता होऊच शकत नाही.

आता हे गणित घरात मांडून पाहा. एखाद्या तरुणाचे मूत्रपिंड सिकलसेलच्या आजारानेच निकामी झाले आहे. त्याला दोन्ही बाजूंनी जनुक मिळाले, म्हणजे त्याचे आई आणि वडील दोघेही निदान वाहक आहेतच. त्याच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला आजार असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन, आणि पूर्ण मुक्त असण्याची चारात एकच. त्या मुक्त भावंडाचा रक्तगट जुळावा लागतो. वय, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, वजन, जुना क्षयरोग हे सगळेही पाहिले जाते. कायद्याने जी माणसे सर्वांत जवळची म्हणून सर्वांत सोपी मानली, वैद्यकाच्या दृष्टीने तीच इथे सर्वांत संशयास्पद ठरतात. जनुक नसलेली पत्नी दुसऱ्या कुळातून आलेली असते, आणि तिच्या नात्याला कागद लागतो.

अर्थात नंदुरबारमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याचे कारण दर वेळी सिकलसेल नसते. मधुमेह, उच्च रक्तदाब, मुतखडे, जंतुसंसर्ग ही कारणे इथेही आहेतच. पण कारण काहीही असो, दाता त्याच समाजातून येणार असल्याने पिवळ्या कार्डाचा प्रश्न टळत नाही. ज्या रुग्णाला वारंवार रक्त चढवले गेले आहे त्याच्या शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली असू शकतात, आणि त्यामुळे जुळणारा दाता मिळणे आणखी कठीण होते.

प्रतिपिंडांचा हा नियम स्त्रियांच्या बाबतीत निराळाच परिणाम करतो. गर्भारपणात आईच्या शरीराची ओळख बाळाच्या, म्हणजे पर्यायाने त्याच्या बापाच्या, ऊतींशी होते. तिच्या रक्तात त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. पुढे तिचेच मूत्रपिंड निकामी झाले तर नवऱ्याचे किंवा मुलाचे मूत्रपिंड तिच्या शरीराला सर्वांत परके ठरण्याची शक्यता वाढते. बायकोने नवऱ्याला देण्यात हा अडथळा नसतो. निसर्गाने जणू एकाच दिशेचा रस्ता मोकळा ठेवला, आणि समाजाने त्याच दिशेने वाहतूक वाढवली.

तिचे आकडे राष्ट्रीय संस्थेकडेच आहेत. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात सुमारे ५६,५०० जिवंत व्यक्तींनी अवयव किंवा त्याचा भाग दिला. त्यांत ३६ हजारांवर स्त्रिया होत्या. ज्यांना अवयव मिळाला त्यांत स्त्रिया सुमारे १७ हजार. सगळा दोष प्रतिपिंडांवर ढकलता येणार नाही इतकी ही तफावत मोठी आहे. कमावत्याने धोका पत्करू नये, आणि बाई देतेच, ही दोन वाक्ये कुठल्याही नियमात लिहिलेली नाहीत, तरी सर्वांत काटेकोरपणे तीच पाळली जातात. २०१४ च्या नियमांनी याची दखल घेतली: दाता स्त्री असल्यास अधिक दक्षता घ्यावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीने पडताळावी. उत्तम तरतूद. पण पावरी किंवा मावची बोलणाऱ्या बाईची स्वतंत्र संमती तिच्या भाषेत कोण विचारणार? दुभाष्या म्हणून जो पुढे येतो तो बहुधा तिच्या घरचाच माणूस असतो.

राहिला पैसा. याबाबतीत गेल्या पंधरा वर्षांत महाराष्ट्रात खरोखर बदल झाला. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत धुळे होते, नंदुरबार नव्हते. नंदुरबारचा समावेश नोव्हेंबर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात, उरलेल्या सगळ्या राज्याबरोबर झाला. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण असताना मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी मर्यादा अडीच लाख ठेवण्यात आली, यावरून खर्चाची जाणीव होती हे दिसते. १ एप्रिल २०१७ पासून ही योजना महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, आणि २०२३ मध्ये ही मर्यादा साडेचार लाख करण्याचा निर्णय झाला.

योजना शस्त्रक्रियेचे बिल भरते. शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचण्याचा खर्च वेगळा. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांपर्यंत यंत्रे येऊ लागली. पण आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास. धडगावच्या पलीकडच्या पाड्यावरून घाट उतरून शहादा, तिथून नंदुरबार, हे आठवड्यातून तीनदा करणे म्हणजे घर सोडून जिल्ह्याच्या गावी राहणेच. आणि दात्याच्या तपासण्या, ऊतींची जुळणी, समितीची मुलाखत, शस्त्रक्रिया यांसाठी जायचे ते मोठ्या शहरात. मुंबई सुमारे चारशे किलोमीटर. सुरत तापी खोऱ्याच्या रेल्वेने त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पण दुसऱ्या राज्यात. २०२० मध्ये नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रत्यारोपण केंद्र ही त्याच्या खूप पुढची पायरी आहे. पण दात्याच्या प्राथमिक तपासण्या, सिकलसेलची खात्रीशीर चाचणी आणि कागदपत्रांची पूर्वतयारी इथेच झाली, तर मुंबईच्या निम्म्या फेऱ्या वाचू शकतात. शस्त्रक्रियेनंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आयुष्यभराच्या असतात. त्या चुकल्या तर मूत्रपिंड जाते, आणि देणाऱ्याचे दानही.

देणाऱ्याचे काय, हे १९९४ च्या कायद्याने एका ठिकाणी नीट विचारात घेतले आहे, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. अवयवाच्या बदल्यात पैसे घेणे हा गुन्हा. पण 'पैसे देणे' या शब्दाची व्याख्या करताना कायदा एक अपवाद करतो: अवयव दिल्यामुळे दात्याला थेट झालेला वाजवी खर्च आणि बुडालेली कमाई भरून देणे यात मोडत नाही. म्हणजे दात्याची मजुरी भरून देण्यास मनाई नाही. ती भरून कोणी द्यायची, हे मात्र कायदा सांगत नाही. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांपुरते ते ठरवले: अवयवदान करणाऱ्या कर्मचाऱ्यास ४२ दिवसांची विशेष रजा, पगारासह.

४२ दिवस म्हणजे सहा आठवडे. मूत्रपिंड दिल्यानंतर साधारण तेवढा काळ जड वजन उचलू नये असे दात्याला सांगितले जाते. उसाच्या फडात मजुरांची गणती माणसांनी होत नाही, कोयत्यांनी होते. आणि एक कोयता म्हणजे सहसा नवरा-बायकोची जोडी. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून गाडीत चढवायची. उचल त्या जोडीच्या नावावर घेतलेली असते. बायकोने नवऱ्याला मूत्रपिंड दिले, तर त्या हंगामात रुग्ण आणि दाता मिळून एक अख्खा कोयता फडातून कमी होतो, आणि मुकादमाच्या वहीतली उचल पुढच्या हंगामावर जाते.